वाचकांचे प्रश्न : पहिल्या एलिझाबेथपुढचा धर्मपेच

इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हिचे राज्यारोहण आणि तिने घालून दिलेली धर्मव्यवस्था यांविषयी वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. विषय एकच असल्याने निवडक प्रश्नांची उत्तरे या वेळी एकत्र देत आहे.

प्रश्न : एलिझाबेथची सावत्र बहीण मेरी ट्यूडर हिच्या पाच वर्षांच्या कारकिर्दीत इंग्लंड पुन्हा पोपच्या छत्राखाली आले होते आणि त्या काळात एलिझाबेथ स्वतःही मिस्सेला (कॅथलिक प्रभुभोजनविधीला) जात असे. मग १५५८मध्ये गादीवर आल्यावर तिने आहे तोच धर्म पुढे का चालवला नाही? देशाला आणखी एका उलथापालथीत लोटण्याची गरज काय होती? (एक विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर तिच्या श्रद्धेत जेवढे आहे, तेवढेच तिच्या जन्मात आहे. आठव्या हेन्रीने पहिली पत्नी कॅथरीन ऑफ अ‍ॅरागॉन हयात असताना अ‍ॅन बोलिनशी लग्न केले आणि ७ सप्टेंबर १५३३ रोजी एलिझाबेथ जन्मली. रोमने हे लग्न कधीच मानले नाही. म्हणजे ज्या क्षणी पोपचा अधिकार मान्य करावा, त्या क्षणी एलिझाबेथ अनौरस ठरे, आणि अनौरस मुलीला गादी कशी मिळणार? यात भर अशी, की १५३६मध्ये अ‍ॅनचा शिरच्छेद झाल्यावर खुद्द हेन्रीच्याच पार्लमेंटने तिला अनौरस ठरवले होते. १५४४च्या वारसा कायद्याने तिला सावत्र भाऊ एडवर्ड आणि बहीण मेरी यांच्यानंतर वारसांच्या यादीत बसवले खरे, पण अनौरसपणाचा शिक्का पुसला नाही. राज्य मिळाल्यावर तिने तो शिक्का पुसण्यासाठी वेगळा कायदाही केला नाही. १५५९च्या पार्लमेंटने ती राजवंशातील हक्काची वारस असल्याचे जाहीर केले आणि आईच्या लग्नाचा विषय उकरून न काढणेच पसंत केले. जुनी भांडणे कोर्टात नेली की आपलेच कागद उघडे पडतात, हे तिच्या सल्लागारांना चांगले कळत होते.

पोपकडून विशेष सवलत मिळवून औरसपणा पदरात पाडून घेता आला असता, असे कोणी म्हणेल. तत्त्वतः ते शक्य होते, परंतु मग तिचे सिंहासन कायमचे रोमच्या मेहेरबानीवर राहिले असते आणि त्या वेळी पोपच्या गादीवर चौथा पॉल हा अतिशय कडक वृत्तीचा माणूस होता. तेव्हा प्रॉटेस्टंट होणे हा तिच्यासाठी अनेक पर्यायांपैकी एक पर्याय नव्हताच.

तथापि हा केवळ हिशेब होता, असेही मी म्हणणार नाही. तिचे शिक्षण सुधारणावादी गुरूंच्या हाताखाली झाले होते, आणि मेरीच्या काळातील मिस्सा ही जिवाच्या भीतीने पाळलेली रीत होती. १५५४मध्ये मेरीविरुद्ध झालेल्या वायटच्या बंडानंतर तिने लंडनच्या टॉवरच्या तुरुंगात सुमारे दोन महिने काढले होते, हे विसरून चालणार नाही. राणी झाल्यावर पहिल्याच नाताळात तिने आपल्या चॅपलमध्ये बिशप ओगलथॉर्प यांना पवित्र भाकर भक्तांसमोर उंच न धरण्याची (भाकरीत ख्रिस्ताचे शरीर असते या कॅथलिक श्रद्धेची ती खूण) आज्ञा केली, आणि त्यांनी ती मोडताच ती उठून निघून गेली. पार्लमेंट भरायला अजून महिना होता, तरी दरबाराला जे समजायचे ते समजले.

प्रश्न : मेरीच्या काळात नेमलेले बिशप लॉर्ड्‌सच्या, म्हणजे पार्लमेंटच्या वरच्या, सभागृहात बसत होते आणि ते सगळे कॅथलिक होते. मग १५५९मध्ये धर्म बदलणारे कायदे तिथून पार कसे पडले? राणीने सैन्याचा धाक घातला होता काय? (एक निवृत्त वकील, कोल्हापूर)

उत्तर : सैन्याची गरज पडली नाही, पण सगळे सरळ मार्गाने झाले असेही नाही. आपण वकील आहात, म्हणून ही प्रक्रिया जरा सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट नशिबाची. १७ नोव्हेंबर १५५८ रोजी मेरी मरण पावली आणि त्याच दिवशी कँटरबरीचे आर्चबिशप कार्डिनल रेजिनाल्ड पोल यांनीही देह ठेवला. त्या दोन-तीन वर्षांत इंग्लंडमध्ये तापाची जबरदस्त साथ होती आणि तिने इतरही काही बिशपांना नेले होते. त्यामुळे चर्चचे नेतृत्व करणारा सर्वांत मोठा माणूस उरला नाही आणि लॉर्ड्‌समधील बिशपांची संख्याही घटली. जे उरले ते मात्र कणखर निघाले. यॉर्कचे आर्चबिशप निकोलस हीथ यांनी पार्लमेंटमध्ये एलिझाबेथला राणी म्हणून घोषित केले, पण तिला राज्याभिषेक करण्यास नकार दिला. शेवटी १५ जानेवारी १५५९ रोजी तिच्या डोक्यावर मुकुट ठेवला तो कार्लाइलसारख्या दूरच्या धर्मपीठाच्या बिशपांनी, म्हणजे नाताळात राणीची आज्ञा मोडणाऱ्या त्याच ओगलथॉर्प यांनी.

२५ जानेवारीला पार्लमेंट सुरू झाले. फेब्रुवारीत सरकारने मांडलेल्या विधेयकाचा रोख स्पष्ट होता. पोपचा अधिकार संपवायचा आणि सहाव्या एडवर्डच्या काळातील इंग्रजी उपासना परत आणायची, असे त्यात होते. कॉमन्सने, म्हणजे खालच्या सभागृहाने, ते मान्य केले, परंतु लॉर्ड्‌सने मार्च महिन्यात त्याची पार मोडतोड केली. उपासनेचा भाग काढून टाकण्यात आला आणि चर्चवरील राणीच्या अधिकाराचा भागही दुबळा करून ठेवण्यात आला. ईस्टरच्या सुमारास हे अर्धवट विधेयक स्वीकारून पार्लमेंट संपवावे की आणखी रेटावे, असा पेच उभा राहिला. नेमक्या त्याच वेळी फ्रान्सशी तह ठरत आल्याची खात्री झाली, परकीय आक्रमणाची भीती कमी झाली आणि राणीने पार्लमेंट न संपवता ३ एप्रिलपर्यंत केवळ तहकूब केले.

मधल्या दिवसांत वेस्टमिन्स्टरमध्ये दोन्ही पक्षांच्या विद्वानांचा जाहीर वाद ठेवण्यात आला. वादाचे नियम असे आखले होते की कॅथलिक पक्षाची पंचाईत व्हावी. त्यांनी त्या नियमांना हरकत घेतली, वाद मोडला, आणि विंचेस्टरचे बिशप व्हाइट व लिंकनचे बिशप वॉटसन या दोघांना आज्ञाभंगाच्या आरोपाखाली टॉवरमध्ये पाठवण्यात आले. हा सापळा आधीपासून रचलेला होता की नाही यावर इतिहासकार वाद घालतात. दोन विरोधी मते या निमित्ताने सभागृहाबाहेर गेली, एवढे मात्र निर्विवाद आहे.

आता विधेयकाचे दोन तुकडे करण्यात आले. चर्चवरील राणीच्या सर्वोच्च अधिकाराचा कायदा एक, आणि सर्वत्र एकच उपासनापद्धती लागू करणारा कायदा दुसरा. पहिला फारशा अडचणीशिवाय मंजूर झाला. दुसरा लॉर्ड्‌समध्ये २१ विरुद्ध १८ असा, म्हणजे अवघ्या तीन मतांनी निभावला. टॉवरमधले दोन बिशप जागेवर असते तर फरक एकाच मतावर आला असता. आणखी लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की बाजूने पडलेल्या एकवीस मतांपैकी एकही मत बिशपाचे नव्हते. देशातील एकाही बिशपाच्या संमतीवाचून देशाची उपासनापद्धती बदलली गेली. कायद्याच्या दृष्टीने हे वैध होते. पण ‘ज्या सभेत धर्मगुरूंनी एकमुखाने नाही म्हटले, तिला धर्म ठरवण्याचा अधिकार कोणी दिला’ हा कॅथलिकांचा सवाल पुढे कित्येक वर्षे सतावत राहिला आणि मला तो सवाल पोकळ वाटत नाही.

८ मे रोजी दोन्ही कायद्यांना राणीची संमती मिळाली. नव्या अधिकाराची शपथ घेण्याची वेळ आल्यावर लॅन्डाफचे बिशप किचिन तेवढे जागेवर राहिले. बाकी सर्वांना पदे सोडावी लागली. गावोगावच्या पाद्र्यांची गोष्ट वेगळी होती. हेन्री, एडवर्ड, मेरी आणि आता एलिझाबेथ असे पंचवीस वर्षांत धर्माचे इतके फेरे पाहिलेल्या त्या मंडळींपैकी बहुतेकांनी मुकाट्याने नवे प्रार्थनापुस्तक उघडले.

प्रश्न : हेन्रीने स्वतःला चर्चचा ‘सर्वोच्च प्रमुख’ म्हणवले, एलिझाबेथने मात्र ‘सर्वोच्च शासक’ हे पद घेतले. एवढ्याशा फरकाने काय साधले? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : दोन्हीकडच्या लोकांची तोंडे काही काळ बंद झाली. कॅथलिकांच्या मते चर्चचा पृथ्वीवरील प्रमुख पोप, तर कडव्या प्रॉटेस्टंटांच्या मते प्रमुख फक्त ख्रिस्त. त्यातून स्त्रीने हे पद घ्यावे, हे दोघांनाही खटकणारे होते. प्रत्यक्ष अधिकारात मात्र काडीचाही फरक पडला नाही.

हीच हातोटी प्रार्थनापुस्तकात दिसते. १५४९च्या पुस्तकात प्रभुभोजनाच्या वेळी म्हणायचे शब्द असे होते, की भाकरीत ख्रिस्ताचे शरीर आहे असे मानणाऱ्यालाही ते चालावेत. १५५२च्या पुस्तकाने ते काढून केवळ स्मरणाचे शब्द ठेवले होते. १५५९मध्ये दोन्ही वाक्ये एकापुढे एक जोडून दिली गेली आणि ज्याने त्याने हवा तो अर्थ घ्यावा अशी सोय झाली. पोपला शिव्याशाप देणारी ओळ प्रार्थनेतून वगळली. पाद्र्यांचे पारंपरिक झगेही राहू दिले.

हे शेवटचे कलम पुढे डोकेदुखी ठरले. मेरीच्या काळात जिनिव्हा, झुरिक, फ्रँकफुर्ट अशा शहरांत आश्रयाला गेलेले प्रॉटेस्टंट मोठ्या आशेने परतले होते, आणि त्यांना दिसले काय, तर राणीच्या खासगी चॅपलमध्ये क्रूस आणि मेणबत्त्या! १५६५-६६मध्ये पाद्र्यांच्या पोशाखावरून जो झगडा पेटला त्यात लंडनमधील कित्येक पाद्र्यांना निलंबित करावे लागले. ‘प्युरिटन’ हे नाव याच काळात रूढ होऊ लागले. राणीला कॅथलिकांपेक्षा आपल्याच पक्षातील या अतिशुद्धतावाद्यांचा राग अधिक येत असावा, असे तिची पत्रे आणि भाषणे वाचताना जाणवते.

प्रश्न : १५८८मध्ये इंग्लंडवर आरमार पाठवणाऱ्या स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने १५५९मध्येच, इंग्लंड दुबळे असताना, हल्ला का केला नाही? तो तर कट्टर कॅथलिक होता. (दोन वाचक, नागपूर आणि जळगाव)

उत्तर : एलिझाबेथच्या पहिल्या दहा वर्षांचे मर्म मला याच प्रश्नात दिसते. या नव्या प्रॉटेस्टंट राणीचा सर्वांत भक्कम आधार होता तो युरोपातील सर्वांत बलाढ्य कॅथलिक राजा.

एलिझाबेथ नको म्हटले तर गादीवर कोण बसणार, हे पाहिले पाहिजे. कॅथलिक कायद्याप्रमाणे हक्क जात होता स्कॉटलंडच्या मेरी स्ट्युअर्टकडे. ती आठव्या हेन्रीच्या थोरल्या बहिणीची नात. एप्रिल १५५८मध्ये तिचे लग्न फ्रान्सच्या युवराजाशी झाले होते, आणि जुलै १५५९मध्ये सासरा दुसरा हेन्री स्पर्धेतील भाल्याच्या जखमेने वारल्यावर ती फ्रान्सची राणी झाली. तिने आणि तिच्या नवऱ्याने आपल्या राजचिन्हांत इंग्लंडचे चिन्हही झळकावले होते. म्हणजे एलिझाबेथ गेली असती तर इंग्लंड, स्कॉटलंड आणि फ्रान्स एका मुकुटाखाली आले असते, इंग्लंडची खाडी फ्रेंचांच्या हाती गेली असती आणि स्पेनचा आपल्याच ताब्यातील नेदरलँड्‌सशी असलेला सागरी मार्ग कोंडला गेला असता. फिलिपला धर्म प्रिय होता यात शंका नाही, पण धर्मासाठी फ्रान्सला एवढे मोठे करायला तो तयार नव्हता. म्हणून त्याने आधी एलिझाबेथला स्वतःच लग्नाची मागणी घातली, तिने ती नाकारल्यावरही मैत्री टिकवली, आणि तिला धर्मबहिष्कृत करण्याचा विषय रोममध्ये व ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेत निघाला तेव्हा तो हाणून पाडण्यात पुढाकार घेतला.

इंग्लंडची त्या वेळची स्थिती खरोखरच केविलवाणी होती. जानेवारी १५५८मध्ये कॅले हे फ्रान्समधील शेवटचे ठाणे गमावले होते, तिजोरीवर अँटवर्पच्या सावकारांचे कर्ज होते आणि नाण्यांतील चांदी वर्षानुवर्षे कमी केली गेल्यामुळे चलनाची पत गेली होती. तरीही १५६०मध्ये राणीचा सचिव विल्यम सेसिल याने तिला स्कॉटलंडमधील प्रॉटेस्टंट उमरावांच्या मदतीला आरमार आणि सैन्य पाठवण्यास राजी केले. राणी नाखूश होती, कारण दुसऱ्या राजाच्या बंडखोर प्रजेला मदत करणे हे तिच्या तत्त्वात बसत नव्हते. त्यातून स्कॉटिश सुधारकांचा अग्रणी जॉन नॉक्स याने दोनच वर्षांपूर्वी स्त्रियांनी राज्य करणे ईश्वराच्या नियमाविरुद्ध असल्याचे पत्रक छापले होते. ते रोखलेले होते मेरी ट्यूडरसारख्या कॅथलिक राज्यकर्त्या स्त्रियांवर, आणि लागले एलिझाबेथला! तिने त्याला कधी क्षमा केली नाही, पण त्याच्या पक्षाला मात्र मदत केली. फ्रेंचांच्या ताब्यातील लीथ बंदराचा वेढा लष्करीदृष्ट्या फसला तरी जुलै १५६०च्या एडिनबरा तहाने फ्रेंच सैन्य स्कॉटलंडमधून गेले. डिसेंबरात मेरी स्ट्युअर्टचा नवरा वारला आणि फ्रान्सशी जुळलेला सांधा आपोआप निखळला.

१५६८मध्ये मेरी स्ट्युअर्ट स्वतःच इंग्लंडमध्ये आश्रयाला येऊन कैदेत पडली. आता ती फ्रान्सची राणी नव्हती, तेव्हा तिला गादीवर बसवणे स्पेनलाही परवडण्यासारखे झाले. फिलिपचे धोरण त्यानंतरच फिरू लागले.

प्रश्न : लग्न करून वारस दिला असता तर निम्मे प्रश्न सुटले नसते का? (एक गृहिणी, ठाणे)

उत्तर : पार्लमेंटचेही हेच म्हणणे होते आणि त्याने फेब्रुवारी १५५९मध्येच तशी विनंती केली. ऑक्टोबर १५६२मध्ये देवीच्या आजाराने राणी मरता मरता वाचली, तेव्हा तर दरबाराची झोप उडाली. पण वर निवडताना धर्म आडवा येत होता. परदेशी राजपुत्र बहुतेक कॅथलिक, आणि मेरी ट्यूडरने फिलिपशी केलेल्या लग्नातून बंड, फ्रान्सशी युद्ध आणि कॅलेचा तोटा झाल्याचे सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूक चार्ल्सशी वाटाघाटी कित्येक वर्षे चालल्या आणि अखेर त्याला खासगी मिस्सेची परवानगी द्यावी की नाही या मुद्द्यावर फिसकटल्या. देशातला वर म्हणजे राणीचा लाडका दरबारी रॉबर्ट डडली. १५६०मध्ये त्याची पत्नी एमी जिन्याच्या पायथ्याशी मृतावस्थेत सापडली आणि संशयाचे धुके असे पसरले की त्याच्याशी लग्न करणे म्हणजे गादी पणाला लावणे झाले असते. अविवाहित राहण्यात तिची स्वतःची इच्छा किती आणि नाइलाज किती, हे ठरवायला पुरावा अपुरा आहे. माझे मत नाइलाजाकडे झुकते.

प्रश्न : एलिझाबेथ ‘माणसांच्या मनात खिडक्या पाडू इच्छित नाही’ असे म्हणाली होती. मग तिच्या काळात कॅथलिक पाद्र्यांना फाशी का झाली? (एक शिक्षक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : ते शब्द राणीचे नाहीत. तिच्या धोरणाचे वर्णन करताना फ्रान्सिस बेकनने ते वापरले. वर्णन पहिल्या दशकापुरते बरेचसे खरे आहे. मनात काय आहे ते विचारायचे नाही, पण रविवारी चर्चमध्ये हजर राहायचे, न राहिल्यास दर वेळी बारा पेन्स दंड, असा तो व्यवहार होता. मेरी ट्यूडरच्या राज्यात सुमारे २८० प्रॉटेस्टंटांना जिवंत जाळले गेले होते. एलिझाबेथने कॅथलिक बिशपांची पदे काढली, काहींना तुरुंगातही ठेवले, पण त्यांच्यापैकी जाळले कोणालाच नाही.

१५६९मध्ये उत्तरेकडील दोन उमरावांनी बंड केले आणि डरहॅमच्या कॅथीड्रलमध्ये पुन्हा मिस्सा साजरी झाली. फेब्रुवारी १५७०मध्ये पोप पाचवे पायस यांनी एलिझाबेथला बहिष्कृत करून तिच्या प्रजेला राजनिष्ठेतून मुक्त केले. माझ्या मते इंग्लिश कॅथलिकांचे याहून मोठे नुकसान कोणत्याही प्रॉटेस्टंटाने केले नाही. त्या एका फर्मानाने प्रत्येक श्रद्धाळू कॅथलिक कायद्याच्या नजरेत संभाव्य राजद्रोही ठरला. १५८१मध्ये गैरहजेरीचा दंड महिन्याला २० पौंड झाला. बारा पेन्स म्हणजे एक शिलिंग आणि २० पौंड म्हणजे ४०० शिलिंग, तेव्हा चार रविवारांचा हिशेब धरला तर दंड शंभरपट झाला. त्याच वर्षी एडमंड कँपियन या जेझुइट (कॅथलिक धर्मसंघातील) पाद्र्याला मृत्युदंड दिला गेला, आणि १५८५पासून परदेशी दीक्षा घेतलेल्या इंग्लिश पाद्र्याने देशात पाऊल ठेवणे हाच राजद्रोह ठरला. राणीच्या अखेरीपर्यंत शंभराहून अधिक पाद्री या कायद्यांखाली मारले गेले. सरकार म्हणे, ही शिक्षा धर्मासाठी नसून राजद्रोहासाठी आहे. फासावर चढणाऱ्याला हा भेद कितपत पटला असेल, याचा विचार आपणच करावा.

प्रश्न : ‘ख्रिस्तपुराण’कर्ते फादर स्टीफन्स हे याच छळामुळे इंग्लंड सोडून गोव्याला आले, असे आम्ही ऐकत आलो आहोत. हे खरे आहे का? (एक वाचक, वसई)

उत्तर : अंशतः. थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९च्या सुमारास विल्टशायरमध्ये झाला. ते १५७५मध्ये रोम येथे जेझुइट संघात दाखल झाले. म्हणजे वर सांगितलेले कडक कायदे होण्याच्या आधीच त्यांनी देश सोडला होता. परंतु राणीच्या धर्माधिकाराची शपथ घेतल्यावाचून विद्यापीठाची पदवी मिळत नव्हती आणि कॅथलिक दीक्षेचा मार्ग तर देशात पूर्णच बंद होता. त्यांचे स्नेही थॉमस पाउंड हे धनिक कॅथलिक गृहस्थ. लोकांना संशय येऊ नये म्हणून स्टीफन्स त्यांचे नोकर बनून वावरत. पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्यातील सुमारे तीस वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत गेली. स्टीफन्स देशात राहते तर त्यांचेही भवितव्य फारसे वेगळे झाले नसते.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघालेले स्टीफन्स ऑक्टोबरात गोव्याला पोहोचले आणि १६१९मध्ये मृत्यू येईपर्यंत तिकडेच राहिले. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६मध्ये रायतूर येथे छापले गेले. त्यांचा एक प्रसंग या विषयाला धरून सांगण्यासारखा आहे. १५८३च्या अखेरीस राल्फ फिच आणि जॉन न्यूबेरी हे इंग्लिश व्यापारी पोर्तुगीजांच्या कैदेत गोव्यात आले. त्यांच्याजवळ राणी एलिझाबेथने अकबर बादशहाला लिहिलेले पत्र होते. जिच्या राज्यात आपल्या धर्माला जागा नव्हती त्या राणीच्या माणसांसाठी स्टीफन्स यांनी खटपट केली आणि त्यांना जामिनावर सोडवले. फिच १५९१मध्ये लंडनला परतला आणि पुढे ईस्ट इंडिया कंपनी स्थापणाऱ्यांनी हिंदुस्थानच्या व्यापाराबाबत त्याचा सल्ला घेतला. कंपनीच्या सनदेवर ३१ डिसेंबर १६०० ही तारीख आहे आणि ती सनद एलिझाबेथनेच दिली.